अग्निशमन प्रशिक्षण, महाराष्ट्रातील

अग्निशमन प्रशिक्षण, महाराष्ट्रातील : आग विझविणे, आगीत अडकलेल्यांची सुटका करणे आणि आग लागू नये म्हणून इमारती व कारखाने यांची तपासणी करणे, या कामांसाठी माणसे तयार करण्याची शिक्षणव्यवस्था. या व्यवस्थेचे महाराष्ट्रातील वैशिष्ट्य असे, की जवानाला शिकविणारी, नोकरीस ठेवणारी आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च सोसणारी संस्था सामान्यतः एक नसते. पाठ्यक्रम राज्य शासनाचे प्रशिक्षण केंद्र चालविते, नेमणूक महानगरपालिका वा नगरपरिषद करते आणि शिक्षणशुल्क पुष्कळदा उमेदवार स्वतः भरतो. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक यांसारख्या राज्यांत अग्निशमन सेवा हे राज्य शासनाचेच एक खाते असल्याने तेथे असा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही. महाराष्ट्रात मात्र प्रशिक्षणाच्या गुणदोषांचा विचार या त्रिभागणीपासूनच सुरू करावा लागतो.

प्रशिक्षणाचे स्वरूप : अग्निशामकाचे शिक्षण बव्हंशी हातांचे आणि सवयीचे शिक्षण आहे. धुराने भरलेल्या खोलीत विचार करण्यास अवधी नसतो. म्हणून होज पाइप उलगडणे, जोडणे व गुंडाळणे, शिडी उभारणे, दोराच्या गाठी मारणे, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन शिडीवरून उतरणे या क्रिया इतक्या वेळा करून घेतल्या जातात, की त्या न पाहता करता याव्यात. त्यांच्या जोडीला कवायत, प्रथमोपचार, ज्वलनाचे रसायनशास्त्र, विद्युत् व वायू यांपासूनचे धोके आणि जलगतिकी हे विषय असतात.

यांपैकी जलगतिकीचे महत्त्व बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. बंबाच्या टाकीत ४,५०० लि. पाणी आहे आणि नळीतून मिनिटाला ४५० लि. पाणी बाहेर पडते असे मानले, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. त्या दहा मिनिटांत दुसरा जलस्रोत जोडता आला नाही, तर बंब निरुपयोगी ठरतो. विहिरीतून पाणी ओढताना वातावरणाचा दाब ते सिद्धांततः सु. १०·३ मी. उंचीपर्यंतच चढवू शकतो. प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरांपलीकडे शोषणनळी भरवशाने काम देत नाही. नळीची लांबी वाढली की घर्षणाने दाब घटतो आणि प्रवाह दुप्पट केल्यास ही घट सु. चौपट होते. पंपावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे हिशेब कागदाविना, गोंगाटात आणि रात्री करावे लागतात.

श्वसनयंत्राचेही तसेच आहे. सहा लिटर धारणेच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सु. १,८०० लि. हवा मावते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला ४० लि. हवा वापरतो असे धरल्यास ती पाऊण तास पुरते. घाबरलेला किंवा सराव नसलेला माणूस तीच हवा पुष्कळ लवकर संपवितो. परत बाहेर पडण्यास लागणारी हवा राखून ठेवून आत किती खोल जावयाचे, हे ठरविण्याची सवय धूरकोठीतील सरावानेच अंगी बाणते. असा सराव खर्चिक असतो. इंधन जळते, नळकांडी पुन्हापुन्हा भरावी लागतात, पोशाख व नळ्या झिजतात आणि थोड्या विद्यार्थ्यांमागे एक अनुभवी प्रशिक्षक लागतो. निधीची चणचण भासली की सर्वप्रथम हाच भाग आखडता घेतला जातो. वर्गातील व्याख्याने तेवढी चालू राहतात. अग्निशमन शिक्षणाच्या दृष्टीने ही काटकसर सर्वांत महाग होय.

ऐतिहासिक आढावा : नगराने पोसलेले व नियमित सराव करणारे अग्निशामक दल ही आधुनिक कल्पना १८२४ मध्ये जेम्स ब्रेडवुड याने एडिंबरो येथे रूढ केली. सुतार, गवंडी, छप्परकाम करणारे अशा कारागिरांतून तो माणसे निवडी आणि त्यांच्याकडून भल्या पहाटे कवायत करून घेई. पुढे लंडनच्या दलाचा प्रमुख असताना १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत तो स्वतः मृत्यू पावला. मुंबईत पूर्णवेळ अग्निशामक दल १८८७ मध्ये नगरपालिकेच्या अखत्यारीत उभे राहिले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात स्फोटक द्रव्ये व कापसाचे गठ्ठे शेजारीशेजारी भरलेले होते. आग विझवीत असतानाच झालेल्या स्फोटांत दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्यापुढील सप्ताहात लोकांसाठी प्रात्यक्षिके होतात.

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने १९५५ मध्ये स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. १९८० मध्ये तिचे परिषदेत रूपांतर झाले. राष्ट्रीय पातळीवरील प्रशिक्षण संस्थेचा प्रारंभ १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे झाला आणि १९५७ मध्ये ती नागपूरला हलविण्यात आली. हेच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अधीन असलेल्या या महाविद्यालयात उप-अधिकारी, केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी अशा पदांचे पाठ्यक्रम चालतात. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही तेथे मिळते. या पदवी-पाठ्यक्रमास २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला. भारतातील पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्या ओळखल्या जातात. महाविद्यालय महाराष्ट्रात असले, तरी ते सर्व देशासाठी आहे आणि त्याचा भर अधिकाऱ्यांच्या शिक्षणावर आहे. सामान्य जवानाचे शिक्षण ही राज्याचीच जबाबदारी राहते.

प्रशासन : अग्निशमन हा विषय घटनेनुसार राज्यांच्या कक्षेत येतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट केलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या कामांत त्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात ही प्रथा त्याआधीपासून रूढ होती. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाने आग विझविणे व आगीच्या वेळी जीवित आणि मालमत्ता यांचे रक्षण करणे हे नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य ठरविले. त्यामुळे राज्यात एक अग्निशमन दल नसून शहरागणिक वेगळी दले आहेत. त्यांवर पोलीस दलासारखी आज्ञेची एक साखळी नाही.

महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय हे नगरविकास विभागाच्या अखत्यारीत आहे. बहुतेक राज्यांत ही सेवा गृह विभागाकडे असते, हा भेद लक्षणीय आहे. संचालनालयाचे काम मार्गदर्शन, तांत्रिक सल्ला, कायद्याची अंमलबजावणी आणि प्रशिक्षण असे चौपदरी आहे. आग विझविण्यासाठी त्याच्या हाताखाली स्वतःचे राज्यव्यापी दल नाही. संचालनालयाच्या अधीन असलेले राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझ पूर्वेस विद्यानगरी परिसरात आहे. तेथील मुख्य पाठ्यक्रम दोन. अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा असून त्यासाठी शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणे, तसेच १६५ सेंमी. उंचीसारख्या शारीरिक अटी पूर्ण करणे आवश्यक असते. उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी हा पाठ्यक्रम एक वर्षाचा असून तो पदवीधरांसाठी आहे.

नगरपरिषदा आणि अनेक महानगरपालिका यांच्या भरतीत अग्निशामक पदासाठी हा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आधीच उत्तीर्ण असण्याची अट असते. उमेदवाराने प्रथम शुल्क, भोजन व निवास यांचा खर्च करून शिकावे आणि नंतर जाहिरातीची वाट पाहावी, असा क्रम त्यामुळे पडला आहे. भरती वर्षानुवर्षे न झाल्यास शिकलेला मुलगा वयोमर्यादा ओलांडतो किंवा खाजगी कारखान्यातील सुरक्षारक्षकाच्या कामावर जातो. त्याचे कौशल्यही सरावाअभावी गंजते. अग्निसुरक्षेच्या पदविका देणाऱ्या पुष्कळ खाजगी संस्था निघाल्या आहेत. त्यांपैकी कोणते प्रमाणपत्र भरतीत चालेल आणि कोणते चालणार नाही, याची चौकशी न करता ग्रामीण भागातील मुले तेथे प्रवेश घेतात, अशीही उदाहरणे घडतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेची रीत याच्या उलट आहे. ती जवान आधी निवडते व नंतर स्वतःच्या व्यवस्थेत त्यांना शिकविते. ज्या संस्थेला जवान हवा, तिने त्याच्या शिक्षणाचा भार उचलावा हे तत्त्व त्यात सांभाळले जाते. मात्र एवढी आर्थिक ऐपत मुंबईबाहेर थोड्याच संस्थांना आहे.

नोकरीत असलेल्यांचे उजळणी-शिक्षण हा तर सर्वांत दुर्लक्षित भाग होय. लहान नगरपरिषदेच्या केंद्रावर तीन पाळ्यांत मिळून मोजकीच माणसे असतात. त्यांतील दोघांना काही महिने प्रशिक्षणास पाठविले, तर एखादी पाळीच मोडकळीस येते. शिवाय पगार चालू ठेवून बदली माणूस नेमावयाचा, तर खर्च दुप्पट. म्हणून मुख्याधिकारी पाठविण्याचे टाळतात, यात त्यांचा आळस नसून अडचण असते. पुष्कळ ठिकाणी कंत्राटी माणसे घेतली जातात. त्यांच्या बाबतीत शिकविण्याचे दायित्व कंत्राटदाराचे की नगरपरिषदेचे, हे व्यवहारात संदिग्धच राहते. अनुभव असूनही धोका किती असतो, याची जाणीव ९ मे २०१५ रोजी मुंबईतील काळबादेवी येथे गोकुळ निवास ही इमारत आगीत कोसळली तेव्हा झाली. दलाच्या चार अधिकाऱ्यांना तीत प्राण गमवावे लागले आणि त्यांत खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी होते. जळणाऱ्या जुन्या लाकडी इमारतीतून माघार केव्हा घ्यावयाची, हा विषय वरिष्ठांच्याही उजळणीचा आहे.

निधीचे मार्ग : अग्निशमनासाठी पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट स्थानिक संस्थेच्या सर्वसाधारण उत्पन्नाची. दुसरी वाट शुल्कांची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे अग्निसेवा शुल्क आणि त्यानंतर वार्षिक शुल्क आकारण्याची तरतूद आहे. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. या कायद्याने उत्पन्नाचे नवे साधन दिले. पण ते साधन उंच इमारतींच्या मागे धावते. जेथे बांधकामे मोठी तेथे शुल्क भरपूर. जेथे ती लहान तेथे शुल्क नगण्य. धोका मात्र इमारतीच्या उंचीच्या प्रमाणात वाटला गेलेला नाही.

तिसरी वाट अनुदानांची. राज्य शासनाने महाराष्ट्र अग्निसुरक्षा अभियानातून नगरपरिषदांना अग्निशमन केंद्राची इमारत व वाहने यांसाठी साहाय्य दिले. केंद्राकडून येणारे साहाय्य वित्त आयोगांच्या शिफारशींवर अवलंबून राहिले आहे. तेराव्या वित्त आयोगाने अग्निशमन सेवांच्या सुधारणेसाठी सात राज्यांना एकूण ४७२ कोटी रु. सुचविले, त्या सात राज्यांत महाराष्ट्र नव्हता. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांनी आगीच्या धोक्याला तोंड देण्याची योजना आखावी, ही अट मात्र त्याच आयोगाने कार्यसापेक्ष अनुदानासाठी घातली होती आणि ती महाराष्ट्रातील मोठ्या शहरांनाही लागू झाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. तीपैकी ५०० कोटी रु. कायदेविषयक व अन्य सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहनपर राखून ठेवलेले आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी आपला २५ टक्के हिस्सा घालावयाचा असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांना तो १० टक्के आहे.

अनुदानांचा ओढा वाहने व इमारती यांकडे असतो, हे समजण्यासारखे आहे. बंब दिसतो, त्याचे उद्‌घाटन करता येते आणि लेखापरीक्षकाला तो मोजता येतो. शिकलेला जवान तसा मोजता येत नाही. शिवाय त्याचे शिक्षण एकदाच करून भागत नाही, ते आवर्ती खर्चाचे कलम आहे. अमेरिकेतील अनेक घटकराज्यांत अग्निविम्याच्या हप्त्यावरील कराचा काही भाग अग्निशामकांचे प्रशिक्षण व कल्याण यांसाठी राखून ठेवतात. आगीमुळे ज्याचे नुकसान होण्याचा संभव आहे, त्याच्याकडूनच दरवर्षी थोडे घेण्याची ही पद्धत आवर्ती खर्चाशी जुळणारी आहे. ब्रिटनमध्ये मॉर्टन-इन-मार्श येथील राष्ट्रीय महाविद्यालय २०१३ मध्ये शासनाने एका खाजगी कंपनीस विकले. तेव्हापासून दलांनी बाजारभावाने प्रशिक्षण विकत घ्यावे, अशी तेथील स्थिती झाली.

ग्रामीण क्षेत्र व विंचूरचे उदाहरण : नगरांच्या हद्दीबाहेर या व्यवस्थेची पकड सुटते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव त्याचा चांगला नमुना आहे. विंचूरकर सरदारांमुळे इतिहासात परिचित असलेल्या या गावी आता लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आहे. २००१ च्या राज्य द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानुसार महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे द्राक्षमद्य उद्यान उभारले. गावचा कारभार ग्रामपंचायतीकडे व औद्योगिक क्षेत्राचे नियोजन महामंडळाकडे, असे दोन अधिकार शेजारी नांदतात. महामंडळाची स्वतःची अग्निशमन शाखा आहे, पण तिची बांधिलकी औद्योगिक क्षेत्राशी असते.

ग्रामपंचायतीच्या कायद्यातील शब्दरचना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. आग विझविण्यास मदत करणे हा विषय १९५८ च्या अधिनियमाच्या ग्रामसूचीत आढळतो. परंतु सूचीतील विषयांची तरतूद पंचायतीने आपल्या हाती असलेला ग्रामनिधी अनुमती देईल तेथवर करावयाची आहे. नगरपरिषदेचे जे आवश्यक कर्तव्य, ते ग्रामपंचायतीच्या बाबतीत ऐपतीवर सोपविलेले काम ठरते. ऐपत नसेल, तर प्रशिक्षित माणूस नेमण्याचे दायित्व कोणावरच येत नाही.

विंचूर नाशिक शहरापासून पन्नास किमी.हून अधिक दूर, तर निफाड व येवला या गावांपासून वीस-पंचवीस किमी.च्या टप्प्यात आहे. घटनास्थळी पोहोचण्याचा काळ शहरात पाच आणि ग्रामीण भागात वीस मिनिटे असावा, अशी स्थायी सल्लागार परिषदेची शिफारस आहे. ताशी पन्नास किमी. वेगाने निघालेला बंब पंचवीस किमी. अंतर अर्ध्या तासात कापतो. बाजाराच्या दिवशी कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला असला, तर त्याहून उशीर होतो. बांबू, वाळलेला पाला व तट्ट्या यांनी शाकारलेली कांदाचाळ तितका वेळ जळत राहिल्यास तिच्यात वाचविण्यासारखे काही उरत नाही. शेतकऱ्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या चाळीत असतो.

या परिसरातील धोके शहरी पाठ्यक्रमात दुय्यम समजले जाणारे आहेत. द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाक्यांत व तळघरांत साचतो, त्याला वास नसतो, आणि टाकी धुण्यास उतरलेला कामगार बेशुद्ध पडल्यास त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच पडतो. वाइनमध्ये पाण्याचा अंश अधिक असल्याने ती सहजी पेट घेत नाही; पण ती ऊर्ध्वपातित करून ब्रँडी बनविली जाते तेथे अल्कोहॉलाची आग लागू शकते आणि तीवर साधा फेस टिकत नाही, अल्कोहॉलरोधी फेस लागतो. शीतगृहांतून वापरला जाणारा अमोनिया गळल्यास पाण्याच्या बारीक फवाऱ्याने तो शोषून घेता येतो. मात्र गळणाऱ्या द्रवरूप अमोनियावर थेट पाणी मारल्यास बाष्पीभवन वाढते. पाण्याची टंचाई मानण्याचे येथे कारण नाही. द्राक्षबागांसाठी खोदलेली शेततळी व विहिरी जवळच असतात. उणीव असते ती उचलपंप योग्य जागी लावून योग्य नळी जोडू शकणाऱ्या माणसाची.

अशा क्षेत्रातील मोठ्या आगीचे स्वरूप १ जानेवारी २०२३ रोजी जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात मुंढेगाव येथे दिसून आले. प्लॅस्टिकचे पापुद्रे बनविणाऱ्या कारखान्याला लागलेल्या आगीत कामगारांचा मृत्यू झाला आणि ती विझविण्यासाठी निरनिराळ्या संस्थांचे बंब दूरदूरवरून आणावे लागले. निरनिराळ्या दलांची माणसे एका जागी आली, की नळ्यांचे जोड, हुकमांचे शब्द व इशारे यांत एकवाक्यता लागते. राज्यभर एकच पाठ्यक्रम असण्याचा मुख्य उपयोग अशा वेळी होतो.

ग्रामीण भागासाठी स्वयंसेवकांचे शिक्षण हा मार्ग अधूनमधून सुचविला जातो. नागरी संरक्षण संघटना आपल्या स्वयंसेवकांना आग विझविण्याचे प्राथमिक शिक्षण देते. नाशिक जिल्ह्यात नाशिक, मनमाड व सिन्नर ही गावे नागरी संरक्षणाच्या यादीत आहेत; मात्र ही यादी शत्रूच्या हल्ल्याचा संभव डोळ्यांपुढे ठेवून केलेली असल्याने विंचूरसारखी गावे तीत येत नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या व २०२१ मध्ये देशातील ३५० जिल्ह्यांपर्यंत विस्तारलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण दिले जाते. तिचा मूळ भर पुरावर होता, आगीवर नव्हता. बारा दिवसांत जवान तयार होत नाही. पण बंब येईपर्यंत वीज तोडणे, गॅसची टाकी हलविणे, शेजारची चाळ मोकळी करणे, टाकीत पडलेल्या माणसामागे कोणास उतरू न देणे आणि बंबासाठी जवळच्या शेततळ्याची वाट मोकळी ठेवणे एवढे शिकवता येते. कारखान्यांना कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये आग-प्रतिबंधक तरतूद आणि कामगारांना बाहेर पडण्याचे मार्ग माहीत करून देणे बंधनकारक होते. एखाद्या औद्योगिक क्षेत्रातील असे शिकलेले कामगार व लगतच्या गावातील तरुण यांचा एकत्र सराव घेतल्यास ग्रामपंचायतीवर पगाराचा बोजा पडत नाही. उपकरणांची देखभाल व वर्षाकाठी दोन-तीन सराव एवढाच खर्च उरतो आणि तो पंचायत व महामंडळ यांनी कोणत्या प्रमाणात वाटून घ्यावयाचा, एवढेच ठरवावे लागते.